आठवणीचं झाड : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी झाडांबद्दलची पत्रं इतकी आलीत की अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. जवळचं माणूस गेलं, त्याच्या आठवणीत झाड लावायचंय, विषय एकच पण प्रत्येकाची अडचण वेगळी. नावं काढून टाकलीत आणि लांबलचक पत्रं जरा छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, बाबांची राख घरात जपून ठेवलीय. माझ्या मनात असं आहे की एक खड्डा करायचा, त्यात सगळी राख घालायची आणि वर त्यांच्या आवडीचं झाड लावायचं, म्हणजे बाबा त्या झाडात राहतील. भाऊ म्हणतो राख म्हणजे एक नंबर खत, झाड दणक्यात वाढेल. असंच करू ना?

नका करू. म्हणजे झाड जरूर लावा, राखही वापरा, पण सगळी राख खड्ड्यात आणि वर रोप, हे नको. रोप मरायची शक्यता फार आहे आणि मग तुम्हाला दुसऱ्यांदा त्रास.

भावाचा घोळ कुठे होतोय सांगते. चुलीतली लाकडाची राख बागेत थोडीथोडी टाकतात, तिच्यात पोटॅशियम असतं, ती चालते. माणसाच्या दहनानंतर जे उरतं ते मुख्यतः हाडांचं असतं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आणि सोबत बरंच सोडियम, मीठच म्हणा ना. मोठ्या माणसाची ही राख साधारण दोन ते तीन किलो भरते. तिचा पीएच (माती आम्ल की अल्कली हे सांगणारं माप, ७ म्हणजे मधोमध) ११-१२ च्या आसपास जातो, आणि बहुतेक झाडांना ६ ते ७.५ मधली माती आवडते, म्हणजे किती फरक झाला बघा. नायट्रोजन तर जळून गेलेलाच असतो. हाडातलं फॉस्फेटही पटकन विरघळत नाही, ते मुळांना मिळायला वर्षं लागतात. आणि ढीग करून ओतली की पाणी लागल्यावर ती घट्ट बसते, मुळांना हवा जात नाही.

मग होतं काय, की मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, पानांच्या कडा करपल्यासारख्या होतात, आणि माती अल्कली झाल्यामुळे लोह असूनही झाडाला घेता येत नाही, त्यामुळे पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, मग अजून पाणी ओततात.

आता करायचं कसं. रोप साध्या चांगल्या मातीत लावा, खड्ड्यात राख नको. झाड रुजलं, एखाद वर्षात नवी पालवी धरली, की मग मूठभर राख टोपलीभर माती आणि भरपूर कंपोस्टमध्ये एकजीव करा आणि खोडापासून लांब, गोल पातळ पसरा. पुन्हा काही महिन्यांनी अजून थोडी. पाण्याचा निचरा चांगला असेल तर पावसाने मीठ हळूहळू खाली वाहून जातं. सगळी राख एकाच झाडाला द्यायचीच असेल तर ती मोठ्या, जुन्या झाडाला द्या, त्याची मुळं लांबवर पसरलेली असतात, त्याला सोसतं. अझेलिया, कॅमेलिया असली आम्ल मातीवाली झाडं मात्र या कामाला घेऊच नका.

राहिला प्रश्न बाबा झाडात राहतील का याचा. हे मी उडवून लावणार नाही, उलट तुम्हाला एक गंमत सांगते. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत ९० किलोच्या आसपास कोरडी माती वजन करून भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७७ किलोच्या घरात. माती परत वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त ५७ ग्रॅम! त्याला वाटलं झाड सगळं पाण्यातूनच बनतं. (हा प्रयोग छापून आला १६४८ साली, तो स्वतः १६४४ ला गेल्यानंतर.) पुढे कळलं की पाण्याच्या जोडीला हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो, सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं आणि तो सगळा पानांनी हवेतून घेतलेला. आता दहनात शरीरातला जवळपास सगळा कार्बन कुठे जातो? वायू होऊन हवेतच. तेव्हा राख एक चिमूट घातली काय किंवा नाही घातली काय, बाबांचं जे जायचं ते आधीच तिकडे गेलंय जिथून झाडं जेवतात. भावाला हे सांगा, खताचा वाद मिटेल.

प्रश्न : आईच्या नावाने झाड लावायचं ठरलं आणि तिथून भांडण सुरू. बहीण म्हणते मोठं, शंभर वर्षं टिकणारं झाड पाहिजे. मला आईला आवडायची तशी फुलं येणारं हवंय. आणि बाबा म्हणतात माझ्याकडे वेळ नाही, दहा-बारा फुटांचं तयार झाड आणा, मला ते मोठं झालेलं बघायचंय. काय करावं?

तुमच्या बाबांचं वाक्य वाचून मी थांबलेच जरा. त्यांचीच इच्छा आधी घेऊ.

त्यांना कोणीतरी हे समजावून सांगायला हवं की मोठं झाड आणलं तर ते लवकर मोठं होतं असं नाही. जमिनीतून उपटलेल्या मोठ्या झाडाची बहुतेक मुळं जुन्या जागीच तुटून राहतात, आणि ती परत येईपर्यंत झाड जागच्या जागी उभं असतं, वाढत नाही. वृक्षतज्ज्ञांचा एक ठोकताळा आहे, खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे साधारण एक वर्ष सावरायला लागतं, उष्ण हवेत थोडं कमी. म्हणजे चार इंच जाडीचं खोड आणलं तर ते चार वर्षं नुसतं सावरतंय, आणि तेवढ्यात शेजारी लावलेलं कमरेइतकं रोप कित्येकदा त्याला गाठतं सुद्धा. कमरेइतकं, जोमदार, एका सरळ खोडाचं रोप घ्या. नर्सरीत पिशवी जरा बाजूला करून मुळं बघा, आतल्या आत गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप नको, पुढे तीच मुळं खोडाला फास लावतात. ‘कसं दिसेल हो मुळं बघितली तर’ असा संकोच करू नका, पैसे तुम्ही देताय.

फुलं की आयुष्य, यावर माझं मत विचाराल तर फुलं. म्हणजे टिकाऊ झाडाला माझा विरोध नाही, पण आठवण रोजच्या नजरेत येणारी असली की लोक पाणी घालतात. फुलझाडांतली काही पंचवीस-तीस वर्षांत म्हातारी होतात हे खरंय, तेव्हा निवडताना आयुष्य किती ते विचारून घ्या. एक सुचवते, आई ज्या महिन्यात गेली त्या महिन्यात फुलणारं झाड निवडू नका, तिच्या वाढदिवसाच्या सुमाराला फुलणारं निवडा. दरवर्षी त्याच आठवड्यात हॉस्पिटलच आठवायला नको.

आणि जागा असेल तर दोन झाडं लावा की! बहिणीचं वड-पिंपळाच्या आकाराचं काही असेल तर ते घराच्या भिंतीपासून, टाकीपासून, पाइपलाइनपासून चांगलं लांब, आणि वर वायर नाही ना बघून. तुमचं फुलांचं खिडकीतून दिसेल असं. जे काही लावाल ते तुमच्या भागात आपोआप उगवणाऱ्या जातींपैकी असेल तर निम्मं काम झालं.

खड्ड्याबद्दल एकच, लोक विहीर खणतात. मुळांच्या गोळ्याइतकीच खोली ठेवा, रुंदी मात्र दुप्पट-तिप्पट करा. खोड जिथे मुळांकडे रुंद होतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, पुरली की ओल धरून साल कुजते.

प्रश्न : दादाच्या झाडावर त्याच्या नावाची स्टीलची पाटी ठोकायची आहे. झाड वाढेल तशी पाटी वर वर जाईल ना? दिसणार नाही मग.

जाणार नाही. झाड शेंड्याकडून वाढतं, खोडावर छातीच्या उंचीला ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही छातीच्याच उंचीला असतो. पण ठोकू नका. खोड जाडीने वाढतंच, हळूहळू पाटी सालीत गिळली जाते, आणि खिळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते. त्याहून वाईट म्हणजे तारेने बांधणं. झाडाने बनवलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं, तार आवळली की तो रस्ता बंद, मुळं उपाशी, आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच मरायला लागतं. शेजारी एक दगड किंवा छोटा खांब उभा करा आणि पाटी त्यावर लावा. गवत कापायचं मशीन फिरेल तिथून जरा बाजूला.

प्रश्न : लिहू की नको असं करत लिहितेय. मुलगा गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी सगळ्यांनी मिळून झाड लावलं. दोन वर्षं छान होतं, रोज संध्याकाळी मी तिथे जायचे. मागच्या उन्हाळ्यात ते वाळलं. मी बाहेरगावी अडकले होते, पाणी घालायला कोणी गेलं नाही. लोक म्हणतात दुसरं लाव. मला ते झाड काढायलाही हात होत नाही. तो दुसऱ्यांदा गेला असं वाटतंय आणि यावेळी माझ्यामुळे.

तुमच्यामुळे नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाहीये, बागकामाची गोष्ट म्हणून सांगतेय. नव्याने लावलेली झाडं पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त मरतात, जिथे पगारी माळी असतात तिथेही मरतात. त्या वयात मुळं अजून खोल गेलेली नसतात, एक कडक उन्हाळा पुरतो. हे झाड लावलं त्या दिवशी तिथे किती जण होते? त्यातल्या एकानेही लिहून ठेवलं नव्हतं की आई नसतील तेव्हा पाणी कोण घालणार. लावायला सगळे येतात, फोटो होतात, आणि पाण्याची पाळी एकाच माणसावर पडते, तेही जो सगळ्यात जास्त दुःखात आहे त्याच्यावर. माझा राग आहे या पद्धतीवर, तुमच्यावर अजिबात नाही.

आता आधी एक करा. ते खरंच मेलंय का बघा. नखाने फांदीची साल जराशी खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत आहे. वर तपकिरी, सुकं असेल तर खाली खाली या, अगदी मातीलगत सुद्धा बघा. बऱ्याच जाती बुंध्यापासून नव्याने फुटतात. न्यूयॉर्कला २००१ मध्ये दहशतवादी हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर पडले, त्या ढिगाऱ्यात ऑक्टोबर महिन्यात कॅलरी पेअर नावाच्या नाशपातीच्या जातीचं एक झाड सापडलं होतं, जळालेलं, फांद्या तुटलेल्या, मुळं उखडलेली. ते ब्राँक्समधल्या एका नर्सरीत नेलं, त्याला नवी फूट आली, आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये ते परत त्याच जागी आणून लावलं, आता तिथल्या स्मारकात उभं आहे. तुमचं तसं होईलच असं नाही म्हणत, पण खरवडून बघितल्याशिवाय कुदळ लावू नका. काही हिरवं असेल तर वरचं सुकलेलं कापून टाका, खाली पालापाचोळ्याचा तीन-चार बोटं जाड थर द्या (बुंध्याला चिकटवू नका), पाणी द्या आणि एक पूर्ण मोसम वाट बघा.

आणि खरंच गेलं असेल तर? अॅमस्टरडॅमला अॅन फ्रँक, नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ती ज्यू मुलगी, लपलेल्या घराच्या मागे चेस्टनटचं एक झाड होतं, ती माळ्यावरच्या खिडकीतून ते बघायची. पुढे त्याला बुरशी लागली. तोडायचं की ठेवायचं यावर कोर्टात वाद झाला, आधाराला लोखंडी सांगाडा उभा केला, आणि तरी २३ ऑगस्ट २०१० ला वाऱ्याने ते मोडून पडलं. जगभरात ओळखलं जाणारं झाड, त्याला वाचवायला इतके लोक, तरी पडलं. पण त्याआधीच त्याची फळं गोळा करून रोपं केलेली होती आणि ती वेगवेगळ्या देशांत लावली गेली. हिरोशिमातही तसंच, अणुबॉम्बमधून वाचलेल्या झाडांचं बी आजही गोळा करून जगभर पाठवतात.

म्हणून, पुढचं झाड लावाल तेव्हा एकट्यावर सगळा भार टाकू नका, झाडाच्याही आणि स्वतःच्याही. एकाच जातीची तीन-चार रोपं, वेगवेगळ्या मित्रांच्या घरी किंवा वेगवेगळ्या जागी. जगेल त्याचं बी किंवा फांदी घेऊन पुढची रोपं करता येतात, फांदीपासून केलेलं तर जनुकांनी तंतोतंत तेच झाड असतं. आणि पाण्याची पाळी लिहून वाटून घ्या, मित्र मोठे झालेत आता, त्यांना हक्काने सांगा. त्यांना पण काहीतरी करायचंच असेल, कसं विचारावं कळत नसेल.

वाळलेलं झाड काढायची घाई नाही. पडून कोणाला लागण्यासारखं नसेल तर राहू दे, त्यात किडे राहतील, पक्षी बसतील. हात होईल तेव्हा काढा, त्यातला एक तुकडा ठेवून घ्या वाटलं तर. नाही झाला हात, तर मित्रांपैकी कोणाला सांगा, तुम्ही तिथे उभं राहायलाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतं. आजीसाठी कुंडीत झाड लावलं तर चालेल का?

चालेल, पण मोठं होणारं झाड कुंडीत कोंबू नका, मुळं गोल फिरून फिरून ते कुढत राहतं. कुंडीतच आयुष्य काढू शकेल असं झुडूप घ्या आणि दोन-तीन वर्षांनी माती बदला, बास.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, तो म्हणजे नवीन न लावता असलेलं मोठं झाड धरणं. युरोपात हे रीतसर चालतं. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि २००१ मध्ये जर्मनीतल्या राइनहार्ड्सवाल्ड जंगलात ‘फ्रीडवाल्ड’ नावाने सुरू झालं, जंगलातलं उभं झाड निवडायचं, राख मातीत विरघळणाऱ्या कलशात घालून त्याच्या मुळाशी पुरायची. कबर नाही, दगड नाही, एक छोटी पाटी. तिकडे नियमात बसतं म्हणून होतं. तुम्ही आहात तिथे सार्वजनिक जागेत राख पुरायची किंवा झाड लावायचं तर आधी परवानगी विचारा, रात्री गुपचूप लावलेलं झाड रस्ता रुंद करताना पहिलं जातं. पण आजीला आवडणाऱ्या झाडाखाली जाऊन बसायला आणि उन्हाळ्यात त्याला दोन बादल्या पाणी घालायला कोणाची ना नसते.

प्रश्न : अंड्यासारख्या पॉडमध्ये मृतदेह ठेवून वर झाड लावतात असा व्हिडिओ फिरतोय. खरंच झाड त्या शरीरावर वाढतं का?

चित्र सुंदर आहे, कल्पना इटलीतल्या दोन डिझायनर्सची. पण झाडाची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात, तिथेच हवा असते. त्याच्या खाली खोल पुरलेल्या शरीराला ऑक्सिजन मिळत नाही, ते फार हळू कुजतं, रोपाला त्याचा सुरुवातीला काही उपयोग नाही.

शरीराची खरोखर माती करायची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये तसा कायदा केला, २०२० पासून तो लागू झाला, नंतर आणखी काही राज्यांनी केला. बंद पेटीत लाकडाचा भुगा, गवत, पेंढा यांच्यात देह ठेवतात, हवा खेळती ठेवतात, सूक्ष्मजीवांमुळे आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, आणि काही आठवड्यांत पाऊण घनमीटरच्या आसपास माती तयार होते. ती राखेसारखी खारट नसते, झाडाला थेट चालते. ज्यांना ‘मी झाड व्हावं’ असं मनापासून वाटतं त्यांच्या इच्छेच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच गोष्ट आहे. फक्त कायदा आहे तिथेच.

प्रश्न : वय ७४. मला दगड-पुतळा काही नको, माझ्या मागे एक झाड लावा असं मृत्युपत्रात लिहायचंय. एक ओळ पुरे का?

एका ओळीने पोरं अडचणीत येतील. झाड कुठे लावायचं, ती जागा कोणाच्या मालकीची, विकली तर काय, पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार (नाव लिहा, ‘सर्वांनी’ लिहिलंत तर कोणीच घालणार नाही), हे सगळं लिहा. मृत्युपत्र कधीकधी सगळं उरकल्यावरच उघडलं जातं, म्हणून एक साधं पत्र आत्ताच मुलांच्या हातात द्या. लावायची वेळही लिहा, पावसाच्या तोंडावर, म्हणजे तुम्ही भर उन्हाळ्यात गेलात तर त्याच आठवड्यात लावायचा हट्ट कोणी धरणार नाही.

आणि एक परवानगी लिहून ठेवा. झाड वाळलं, पडायला आलं, घराच्या मुळावर उठलं तर तोडायला माझी हरकत नाही, असं. ती ओळ नसेल तर तुमचा नातू पोखरलेल्या झाडाखाली गाडी लावत बसेल पण कुऱ्हाड लावणार नाही. मी तुमच्या जागी असते तर अजून एक केलं असतं, रोप याच पावसात लावलं असतं, निदान पहिली तीन वर्षं पाणी नीट घातलं जातंय की नाही ते स्वतः बघता येतं.